पाश्चरीकृत दुधाची परीक्षा गोठ्यापासून व्हावी

दूध हा अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकऱ्याचा आता केवळ जोडधंदा राहिलेला नाही. प्रवरेच्या कालव्याखाली ऊस आणि घास पिकविणारा बागायतदार असो, किंवा पाथर्डी, जामखेड, पारनेर यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतील कोरडवाहू शेतकरी असो, घरचा किराणा, मुलांची फी आणि पेरणीचे बियाणे यांची तोंडमिळवणी दर दहा दिवसांनी हाती येणाऱ्या दुधाच्या पगारावरच होत असते. पावसाने पाठ फिरविली म्हणजे शेत गप्प बसते. गाय मात्र दोन वेळा दूध देतच राहते. अशा या धंद्याचे भवितव्य ज्या गोष्टीवर अवलंबून आहे, तिचा विचार मात्र आपल्याकडे फारसा होत नाही. ती गोष्ट म्हणजे आपले दूध शेवटी ज्या पिशवीतून गिऱ्हाइकाच्या घरी पोचते, त्या पिशवीवर त्याचा विश्वास असणे ही होय.

त्या पिशवीवर ‘पाश्चरीकृत’ हा शब्द छापलेला असतो. गिऱ्हाईक तो वाचतो आणि निर्धास्त होतो. या शब्दाने नेमकी कशाची हमी मिळते आणि कशाची मिळत नाही, हे दूध घालणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने समजून घ्यावयास हवे. कारण जी हमी यंत्र देऊ शकत नाही, ती देण्याची जबाबदारी शेवटी गोठ्यावरच येऊन पडते.

पाश्चरीकरणाचे सामर्थ्य आणि मर्यादा

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८६० नंतरच्या दशकात मद्य नासू नये म्हणून ते बेताने तापविण्याची युक्ती शोधून काढली. हीच युक्ती पुढे दुधाला लागू करण्यात आली. दूध ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे, अथवा सुमारे ७२ अंशांना १५ सेकंद ठेवून ताबडतोब थंड करावयाचे, एवढीच ही क्रिया आहे. एवढ्या उष्णतेने क्षयाचे, सांसर्गिक गर्भपाताच्या रोगाचे आणि विषमज्वराचे जंतू मरतात. दुधाची चव व पोषणमूल्ये मात्र बहुतांशी कायम राहतात. १९४९ साली स्थापन झालेल्या आरे वसाहतीपासून मुंबईच्या संघटित दूधपुरवठ्याचा जो विस्तार झाला, त्याचा पाया हीच क्रिया होती.

क्रिया नीट झाली किंवा नाही हे ओळखण्याचे साधनही निसर्गानेच दुधात घालून ठेवले आहे. कच्च्या दुधात फॉस्फेटेज नावाचे एक विकर असते. रोगजंतू मरण्यास जेवढी उष्णता लागते, त्याहून किंचित अधिक उष्णतेने ते नष्ट होते. म्हणून पाश्चरीकृत दुधात हे विकर आढळले, तर दूध पुरेसे तापले नाही अथवा त्यात मागाहून कच्चे दूध मिसळले, असे निश्चित समजावे. ही चाचणी सोपी असून तिचा निर्णय रंगावरून कळतो. तिच्या जोडीला कोलिफॉर्म जंतूंची गणना करतात. हे जंतू पाश्चरीकरणात टिकत नाहीत. तेव्हा ते पिशवीत सापडले, तर दूध तापविल्यानंतर नळी, टाकी किंवा भरण यंत्र यांपैकी कोठे तरी अस्वच्छता शिरली असा त्याचा अर्थ होतो. आपल्या देशातील मानकांप्रमाणे पाश्चरीकृत दुधात मिलिलिटरमागे दहापेक्षा कमी कोलिफॉर्म असावयास पाहिजेत.

येथवर पाश्चरीकरणाचे सामर्थ्य झाले. आता मर्यादा पाहू. उष्णता जंतू मारते. दुधात मिसळलेले पाणी ती काढून टाकीत नाही, औषधांचे अंश जाळीत नाही आणि बुरशीचे विष निष्प्रभ करीत नाही. आपल्या घरोघरी पिशवीतील दूध पुन्हा उकळण्याचा प्रघात आहे व तो वाईट नाही. परंतु उकळल्यानेही या तीन गोष्टी जात नाहीत. सबब ‘दूध तापविले आहे’ आणि ‘दूध निर्दोष आहे’ ही दोन विधाने एक नव्हेत.

पाहणीने काय दाखविले

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशातील १,१०३ शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने घेऊन तपासले आणि त्याचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध केला. दूध म्हणजे युरिया व साबणाचे पाणी अशी जी भीती लोकांच्या मनात बसली होती, तिला या पाहणीत फारसा आधार सापडला नाही. आरोग्यास घातक अशी भेसळ केवळ १२ नमुन्यांत आढळली. ही समाधानाची बाब होय.

परंतु त्याच पाहणीत ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के नमुन्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा अधिक निघाले. ७७ नमुन्यांत प्रतिजैविक औषधांचे अंश मर्यादेबाहेर होते. विशेष म्हणजे अफ्लाटॉक्सिनचा दोष कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात अधिक दिसून आला. याखेरीज सुमारे ४१ टक्के नमुने, पिण्यास सुरक्षित असले तरी, गुणवत्तेच्या कोणत्या ना कोणत्या कसोटीस उतरले नाहीत. स्निग्धांश अथवा स्निग्धेतर घनपदार्थ, म्हणजे आपण ज्यांना फॅट आणि एसएनएफ म्हणतो, ते ठरलेल्या प्रमाणाहून कमी होते.

या आकड्यांचा अर्थ शेतकऱ्याने आपल्या दृष्टीने लावला पाहिजे. लोक ज्याला भ्याले ते थोडे निघाले आणि ज्याचा कोणी विचारही केला नव्हता ते अधिक निघाले. त्याचा उगम कारखान्यात नसून चाऱ्यात व औषधाच्या पेटीत आहे.

विष येते कोठून

अफ्लाटॉक्सिन हे ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचे विष होय. ओलसर जागी साठविलेली सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मक्याचा भरडा, पावसात भिजलेला कडबा अथवा हवा शिरून बुरसटलेला मुरघास यांवर ही बुरशी वाढते. गाईने असा चारा खाल्ला की त्यातील विषाचा काही भाग रूप पालटून एका दिवसाच्या आत दुधात उतरू लागतो. चारा बदलल्यावर काही दिवसांत दूध पुन्हा शुद्ध होते. आपल्याकडील मानकाप्रमाणे किलोग्रॅममागे अर्ध्या मायक्रोग्रॅमहून अधिक एम-१ दुधात असता कामा नये. युरोपीय देशांची मर्यादा याच्या दहाव्या हिश्शाएवढी आहे. दुष्काळात वैरणीची टंचाई झाली म्हणजे काळी पडलेली पेंडही गाईपुढे टाकण्याचा मोह होतो. हा मोह समजण्यासारखा आहे. तथापि हे विष यकृताला अपायकारक असून कर्करोगाला कारण होते, आणि दूध पिणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा लहान मुलांचा असतो, हे विसरून चालणार नाही.

प्रतिजैविकांचे असेच आहे. कासदाह झालेल्या गाईच्या सडात नळी सोडल्यावर अथवा तिला इंजेक्शन दिल्यावर औषधाच्या वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीपर्यंत तिचे दूध विक्रीस पाठवू नये, असा नियम आहे. चार-पाच दिवसांचे दूध ओतून द्यावयाचे म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय येतो, हे खरे. परंतु एका गाईचे औषधी दूध कॅनमध्ये गेले की ते गावाच्या बल्क कूलरमध्ये जाते आणि तेथून टँकरमध्ये. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही. दही, श्रीखंड व चीज करणाऱ्यांचे त्यामुळे नुकसान होते. याहून मोठा धोका असा की, थोड्या थोड्या अंशाने रोज पोटात गेलेल्या औषधामुळे जंतू त्या औषधास निर्ढावतात आणि माणसाच्या आजारात तेच औषध निरुपयोगी ठरण्याची वेळ येते.

दोन आकड्यांचा भाव आणि भेसळीचा मोह

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आपल्याकडे दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफ या दोन आकड्यांवर ठरतो. ३.५ व ८.५ हे आकडे तर गोठ्यातील लहान मुलासही पाठ असतात. पाणी घालणाऱ्यास आळा बसावा म्हणून ही पद्धत आली आणि तिने मोठे काम केले, यात शंका नाही. परंतु जी व्यवस्था केवळ दोनच आकडे मोजते, ती ते दोन आकडे खोटे करण्याचे आमिषही आपणच दाखवीत असते.

२०२३ साली आपल्याच जिल्ह्यातील श्रीगोंदे तालुक्यात अन्न व औषध प्रशासनाने छापे घातले, तेव्हा व्हे पावडर आणि लिक्विड पॅराफिन यांचे साठे सापडले. व्हे पावडर ही चीज करताना उरलेल्या निवळीची भुकटी होय. ती पाण्यात कालविली की एसएनएफ वाढल्याचा भास होतो. पॅराफिन हे खनिज तेल. ते फॅटची जागा घेते. म्हणजे दूध नसले तरी दोन्ही आकडे जुळतात. चीनमध्ये २००८ साली याच तऱ्हेचा मोठा अनर्थ घडला. तेथे दुधाची प्रथिने नत्राच्या प्रमाणावरून मोजीत असत, म्हणून पाणी घातलेल्या दुधात नत्रयुक्त मेलामाइन मिसळण्यात आले. सहा बालके दगावली आणि सुमारे तीन लाख मुलांना बाधा झाली. त्यानंतर चिनी आईबापांचा देशी भुकटीवरील विश्वास उडाला व ते परदेशी डबे शोधू लागले. पाप काही थोड्यांनी केले; दंड तेथील सर्व गोपालकांस भरावा लागला.

हा धडा आपल्याला लागू आहे. भेसळीचे एक लिटर बाजारात आले की खऱ्या दुधाचे एक लिटर अतिरिक्त ठरते आणि भाव पडतो. प्रामाणिक शेतकऱ्याचे खरे नुकसान येथे होते. म्हणून कडक तपासणी ही त्याच्याविरुद्ध उगारलेली काठी नसून त्याच्या मालाची राखण आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे

यावर शेतकरी म्हणेल की, तपासणी वाढली म्हणजे भाव कापावयास आणखी एक निमित्त मिळेल. ही शंका निराधार नाही. १ जून २०१७ रोजी राहाता तालुक्यातील पुणतांब्यापासून जो शेतकरी संप सुरू झाला आणि ज्यात दूध रस्त्यावर ओतले गेले, त्यामागे शेतमालाच्या व दुधाच्या भावासंबंधीचा संताप होता. संकलन केंद्रावरील मिल्कोमीटर आपल्या बाजूने नाही ही भावना गावोगावी ऐकू येते. एक पॉइंट फॅट कमी लागला तर दोन रुपये जातात की चार, याचा हिशेब शेतकरी मनाशी ठेवीत असतो. पण यंत्र खरे बोलते की नाही, हे तपासण्याचे साधन त्याच्या हाती नसते.

या बाबतीत आपल्या जिल्ह्यालाच एक उत्तम दाखला आहे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो ऊस पिकविणाऱ्याला आपल्या मालाचे माप व मोल ठरविण्यात वाटा मिळावा याच हेतूने. ऊसवाल्यास काट्यावर उभे राहून वजन पाहण्याचा जो हक्क आहे, तोच दूधवाल्यास मिल्कोमीटरच्या बाबतीत मिळाला पाहिजे. तपासणीची मागणी आणि तपासणीच्या न्यायाची मागणी या दोन्ही एकाच श्वासात करावयाच्या आहेत. एकीवाचून दुसरी लंगडी पडते.

राज्य शासनाने २०२३ साली दूध भेसळीस आळा घालण्यासाठी अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हावार समित्या नेमल्या. ही योजना योग्य दिशेने टाकलेले पाऊल होते. परंतु छापे घालून गुन्हेगार पकडता येतो. रोजच्या लाखो लिटर दुधाची प्रत छाप्यांनी सुधारत नाही. त्यासाठी रोजची व्यवस्थाच बदलावयास हवी.

काय करावयास पाहिजे

पहिली गोष्ट, प्रत्येक संकलन केंद्रावरील मिल्कोमीटर व वजनकाटा यांची ठरावीक मुदतीने वैधमापन यंत्रणेकडून पडताळणी व्हावी आणि तिची तारीख यंत्रावर सर्वांना दिसेल अशी लावावी. यंत्राबद्दल वाद उत्पन्न झाला तर गर्बर पद्धतीने, म्हणजे गंधकाम्ल घालून व नमुना फिरवून केलेल्या फॅट चाचणीचा निर्णय अखेरचा मानावा. ही पद्धत जुनी आहे, संथ आहे. पण पंच म्हणून ती भरवशाची आहे. प्रत्येक शेतकऱ्यास दर वेळेस छापील पावती मिळालीच पाहिजे.

दुसरी गोष्ट, भावाच्या पत्रकात तिसरा रकाना यावा: स्वच्छतेचा. मेथिलीन ब्लू चाचणीत दुधात निळा रंग टाकतात. जंतू जितके अधिक तितका तो लवकर उडतो. पाच तास रंग टिकला तर दूध उत्कृष्ट, अर्ध्या तासाच्या आत उडाला तर वाईट, असा ठोकताळा आहे. सड धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून, स्टीलच्या भांड्यात धार काढून तासाभरात दूध केंद्रावर आणणाऱ्या बाईला आणि मळक्या प्लॅस्टिकच्या कॅनमधून उशिरा दूध आणणाऱ्यास आज एकच भाव मिळतो. कष्टाला मोल नसेल तर स्वच्छतेचे व्याख्यान किती दिवस ऐकले जाईल?

तिसरी गोष्ट, प्रतिजैविक व अफ्लाटॉक्सिन यांची पट्टी-चाचणी बल्क कूलरवर आणि टँकरवर नित्य व्हावी. ती प्रत्येक कॅनवर करणे परवडणार नाही, हे मान्य. परंतु दहा हजार लिटरांच्या टँकरवर एका पट्टीचा खर्च वाटला, तर लिटरमागे तो नगण्य होतो. हा खर्च प्रक्रिया करणाऱ्याने सोसावा. शेतकऱ्याच्या पगारातून तो कापू नये. दोष आढळल्यास आधी गावाचा व मग गोठ्याचा माग काढावा. पहिल्या वेळी दंडाऐवजी पशुवैद्य पाठवावा व पेंडीचा साठा तपासावा. औषध दिलेल्या गाईचे दूध जो स्वतःहून बाजूला ठेवून कळवितो, त्याला संघाने त्या दिवसांची काही भरपाई द्यावी. खरे बोलणाराचे नुकसान होऊ लागले की कोणीच खरे बोलत नाही.

चौथी गोष्ट, पेंड व पशुखाद्य विकणाऱ्यावरही तितकेच बंधन हवे. शेतकऱ्याने विकत घेतलेल्या पोत्यातच विष असेल तर त्याला दोष देऊन काय उपयोग? संघांनी आपल्या पशुखाद्याच्या प्रत्येक खेपेची तपासणी करून तिचा निकाल पोत्यावर द्यावा. शेतकऱ्याने आपल्या परीने पेंड फळीवर, भिंतीपासून दूर व कोरडी ठेवावी. मुरघासाच्या खड्ड्याचे तोंड उघडल्यावर रोज पुरेसा थर काढावा व बुरसटलेला भाग उकिरड्यात टाकावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने आणि बाभळेश्वर व दहिगाव-ने येथील कृषि विज्ञान केंद्रांनी या विषयाची प्रात्यक्षिके गावोगाव घ्यावीत. फुले त्रिवेणीसारखी अधिक दूध देणारी गाय या विद्यापीठाने दिली. आता अधिक निर्मळ दुधाची विद्या द्यावी.

पाचवी गोष्ट, पिशवीतील दुधाच्या तपासणीचे निकाल लोकांस कळले पाहिजेत. फॉस्फेटेज, कोलिफॉर्म, फॅट व एसएनएफ या चार चाचण्यांचे मासिक निकाल प्रत्येक दूध संघाने व खाजगी डेअरीने आपल्या सूचनाफलकावर आणि वृत्तपत्रांत जाहीर करावेत. टोन्ड दुधात ३ टक्के फॅट व ८.५ टक्के एसएनएफ, फुल क्रीम दुधात ६ व ९ टक्के असे कायद्याचे प्रमाण आहे. पिशवीत ते भरते की नाही, हे गुपित असण्याचे कारण नाही. प्रसिद्धीची भीती छाप्याच्या भीतीपेक्षा अधिक दिवस टिकते.

गिऱ्हाइकाचा हक्क आणि दुकानदाराचे कर्तव्य

पाश्चरीकृत दूध म्हणजे टिकाऊ दूध नव्हे. ते थंड साखळीतच सुरक्षित राहते. कारखान्यातून ४ अंशांना निघालेली पिशवी उन्हातल्या क्रेटमध्ये दोन तास पडली, किंवा वीजबिल वाचविण्यासाठी दुकानदाराने रात्री फ्रीज बंद केला, तर गोठ्यापासून कारखान्यापर्यंत सर्वांनी घेतलेले श्रम वाया जातात. दूध नासले म्हणजे मात्र नाव डेअरीचे व पर्यायाने उत्पादकाचे जाते. दुकानांतील तापमानाची पाहणी ही म्हणून तपासणीचाच भाग समजली जावी.

गिऱ्हाइकासही कायद्याने एक हत्यार दिले आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या ४०व्या कलमान्वये कोणताही खरेदीदार, विक्रेत्यास तशी कल्पना देऊन व ठराविक शुल्क भरून, आपण घेतलेल्या अन्नाची शासनाच्या अन्न विश्लेषकाकडून तपासणी करवू शकतो. माल नियमबाह्य ठरल्यास ते शुल्क त्यास परत मिळते. महिला मंडळांनी, ग्राहक संघटनांनी आणि महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी या हक्काचा उपयोग करावयास काय हरकत आहे? ज्या गावातून दूध जाते, त्याच गावातील लोकांनी तालुक्याच्या बाजारात विकत घेतलेली पिशवी तपासून घेतली, तर उत्पादक आणि ग्राहक यांचे हितसंबंध एकच आहेत, हे आपोआप सिद्ध होईल.

आपल्या जिल्ह्यातील दुधाला आता देशभरची व परदेशचीही नजर लागली आहे. श्रीरामपूर परिसरात वाढलेली प्रभात डेअरी २०१९ साली फ्रान्सच्या लॅक्टॅलिस समूहाने घेतली, हे त्याचेच एक चिन्ह होय. भुकटी, चीज व लोणी यांच्या बाजारात जो उतरतो, त्याला अफ्लाटॉक्सिन आणि औषधांचे अंश यांचे उत्तर द्यावेच लागते. आज आपण आपल्या हाताने परीक्षा घेतली नाही, तर उद्या बाहेरचा परीक्षक येईल आणि त्याच्या अटींवर माल परत पाठवील. तो परत आलेला टँकर कोणाच्या पगारातून वजा होईल, हे सांगावयास नको.

शेतकरी बंधूंनी व विशेषतः गोठ्याचे बहुतेक काम जिच्या हातून होते त्या भगिनींनी, एवढे ध्यानात घ्यावे की, पिशवीवरील एका शब्दाखाली आपली सही असते. ती सही खरी ठरावी अशी व्यवस्था दूध संघाकडे मागा. पावती मागा, पडताळणीची तारीख विचारा, पेंडीच्या पोत्याची तपासणी मागा. त्याच वेळी आपल्या गोठ्यातील काळी पेंड उकिरड्यावर टाका आणि औषध दिलेल्या गाईचे दूध कॅनमध्ये ओतू नका. दुसऱ्याकडून न्याय मागण्याचे बळ त्यानेच येईल.